ओहायो लीगची नोंदवही : 'विजेता' हा रकाना अखेर खोडला

मंडळी, ओहायो लीग म्हणजे अमेरिकेतल्या ओहायो राज्यातले पैसे घेऊन खेळणारे जुने अमेरिकन फुटबॉल संघ, त्यांच्या सामन्यांची शीट मी करतोय. मागच्या वेळी कळवलं होतं की 1903 ते 1906 हा टप्पा तिच्यात चढवून झालाय, फक्त तपासणी राहिलीय. तपासायला बसलो आणि निम्मं काम पुन्हा करावं लागलं. तीन शनिवार त्यात गेले, पण आता हा टप्पा पक्का आहे.

पहिली चूक गुणांची. टचडाउनचे (चेंडू गोलरेषेपार नेला की) 6 आणि फील्ड गोलचे (लाथेने चेंडू गोलच्या खांबांमधून घातला की) 3 असं आजचं सूत्र मी सगळ्या शीटला लावून ठेवलं होतं. 1905 मध्ये मॅसिलन गावच्या टायगर्स संघाने कॅन्टन गावच्या संघाला 14-4 असं हरवलं, त्यातल्या 4 ची फोड काही जमेना. मग लक्षात आलं की 1904 ते 1908 फील्ड गोलला 4 गुण होते, 3 झाले ते 1909 पासून. टचडाउन तर 1911 च्या मोसमापर्यंत 5 गुणांचंच होतं. तुमच्यापैकी कोणी जुने स्कोअर उतरवत असाल तर प्रत्येक मोसमाला त्याचं स्वतःचं सूत्र द्या.

दुसरी अडचण नावांची. कॉलेजात शिकणाऱ्या पोराने पैसे घेऊन खेळणं तेव्हा निषिद्ध होतं, त्यामुळे पोरं खोट्या नावाने उतरायची. क्लीव्हलंडच्या केस कॉलेजचा जॉर्ज 'पेगी' पॅरट 1905 मध्ये शेल्बी संघाकडून 'जिमी मर्फी' म्हणून खेळला, पकडला गेला आणि कॉलेजच्या खेळाला मुकला. माझ्या शीटमध्ये पॅरट आणि मर्फी असे दोन वेगळे खेळाडू झाले होते. आता 'छापलेलं नाव' आणि 'खरं नाव' असे दोन रकाने केलेत. पॅरटला एकत्र आणल्यावर त्याची कारकीर्द सलग दिसली. 25 ऑक्टोबर 1906 ला मॅसिलनकडून त्याने डॅन रायलीला दिलेला पास हा व्यावसायिक फुटबॉलमधला नोंद असलेला पहिला पूर्ण झालेला फॉरवर्ड पास (हाताने पुढे फेकून साथीदाराने झेललेला चेंडू) मानतात. पास टाकायला परवानगीच त्या वर्षी मिळाली होती.

आता मूळ दुखणं. लीग म्हणतो खरं, पण ओहायो लीगला ना कचेरी होती, ना अध्यक्ष, ना ठरलेलं वेळापत्रक. हे नावही नंतरच्यांनी दिलेलं. कॅन्टन, मॅसिलन, अॅक्रन, शेल्बी, कोलंबस, डेटन इथले संघ आपापसात पत्रं लिहून सामने ठरवायचे, गेटवर जमलेले पैसे वाटून घ्यायचे, आणि नोव्हेंबरच्या शेवटी ज्याची बाजू वर्तमानपत्रात जोरात मांडली जाईल तो राज्याचा अजिंक्य. आपल्याकडच्या गावोगावच्या कबड्डीसारखंच: फायनल जवळ आली की बाहेरचे तगडे गडी आणायचे. मॅसिलनने 1903 मध्ये अॅक्रनला नमवायला पिट्सबर्गकडचे खेळाडू आणले, तिथूनच ही चढाओढ पेटली.

1906 मध्ये कॅन्टनने मॅसिलनचेच गाजलेले खेळाडू जास्त पैसे देऊन फोडले. पहिला सामना कॅन्टनने 10-5 जिंकला, दुसरा मॅसिलनने 13-6. लगेच मॅसिलनच्या वर्तमानपत्राने कॅन्टनचा प्रशिक्षक ब्लाँडी वॉलेस याच्यावर सामने ठरवून खेळवल्याचा आरोप केला. आरोप शेवटपर्यंत सिद्ध झाला नाही, पण पैसा आधीच संपला होता आणि दोन्ही गावांतला मोठा फुटबॉल काही वर्षं बसला. मी आधी 1906 समोर 'विजेता: मॅसिलन' असं बिनधास्त लिहिलं होतं. ते खोडताना हात जड झाला, पण खोडलं.

1915 ने तर निकालच लावला. कॅन्टनचा व्यवस्थापक जॅक कुसॅक याने तेव्हाचा नावाजलेला खेळाडू जिम थॉर्पला एका सामन्याचे 250 डॉलर देऊन आणलं. मॅसिलनकडे नूट रॉक्नी आणि गस डोरे. पहिला सामना मॅसिलनने 16-0 घेतला. दुसरा कॅन्टन गावात झाला. गर्दी इतकी की बसायला जागा नाही म्हणून लोक गोलरेषेमागच्या पट्ट्यात उभे केले, आणि नियम ठरला: चेंडू घेऊन गर्दीत शिरणारा खेळाडू बाहेर येताना चेंडू त्याच्या हातात हवा. थॉर्पच्या दोन फील्ड गोलवर कॅन्टन 6-0 पुढे. शेवटच्या मिनिटांत मॅसिलनच्या ब्रिग्जने पास झेलला, रेषा ओलांडून गर्दीत घुसला आणि चेंडू उडून कॅन्टनच्या खेळाडूच्या हाती गेला. ब्रिग्ज ओरडत राहिला की पितळी बटणांच्या गणवेशातल्या पोलिसाने लाथ मारून चेंडू उडवला. पण कॅन्टनच्या पोलिसांना तसा गणवेशच नव्हता. लोक मैदानात घुसले, सामना तिथेच थांबला. पंचांनी निकाल बंद पाकिटात दिला, तो रात्री साडेबाराला हॉटेलात उघडायचा, तोवर पंच गावाबाहेर. निकाल कॅन्टनच्या बाजूने लागला. सुमारे दहा वर्षांनी ट्रामच्या एका कंडक्टरने कुसॅकला सांगितलं की लाथ त्याची होती, कॅन्टनवर त्याचे 30 डॉलर लागले होते. बटणं कंडक्टरच्या कोटाची!

असल्या मोसमाला विजेता काय लिहायचा? म्हणून तो रकाना काढून 'दावा कोणाचा' आणि 'हरकत कोणाची' असे दोन घातलेत. शीट रुंद झाली, पण तो काळ तिच्यात नीट बसतोय.

या खेपेला सर्वांत समाधान कोलंबस पॅनहँडल्सच्या पानाने दिलं. मी राहतो कोलंबसमध्ये आणि वाढलो भुसावळच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये, त्यामुळे या संघावर माझा जीव आहे, ते लपवत नाही. रेल्वेच्या कारखान्यातले कामगार, त्यांत नेसर घराण्यातले सहा भाऊ, जेवणाच्या सुट्टीत यार्डातच सराव. रेल्वेचे नोकर म्हणून प्रवास फुकट, म्हणून व्यवस्थापक जो कार याने बहुतेक सामने दुसऱ्यांच्या गावी ठरवले. त्यांच्या यादीत परगावची नावं एवढी का, हे मला पहिल्यांदा वाचताच कळलं. आमच्या घरात रेल्वेचा पास म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक होतं.

शेल्बीच्या चार्ल्स फॉलिसची नोंदही पूर्ण झाली. 1904 मध्ये शेल्बीने त्याच्याशी करार केला. पैसे घेऊन खेळणारा पहिला कृष्णवर्णीय फुटबॉलपटू तोच. टोलेडोत प्रेक्षक त्याला शिव्या देत होते तेव्हा विरुद्ध संघाच्या कर्णधारानेच खेळ थांबवून त्यांना समज दिली. त्याचा शेल्बीतला एक जुना साथीदार ब्रँच रिकी, ज्याने पुढे 1945 मध्ये कृष्णवर्णीय जॅकी रॉबिन्सनशी करार करून त्याला तोवर गोऱ्यांपुरत्याच असलेल्या मोठ्या बेसबॉलमध्ये आणलं. फॉलिस 1910 मध्ये, जेमतेम 31 व्या वर्षी, न्यूमोनियाने गेला. त्याच्या ओळीला मी वेगळा रंग दिलाय.

1914 चं पान अजून अर्धवट आहे. अॅक्रनविरुद्धच्या सामन्यात कॅन्टनचा कर्णधार हॅरी टर्नर पाठीला मार लागून दगावला. तो सामना कॅन्टनने 6-0 जिंकला होता. त्या ओळीत नुसता स्कोअर ठेवून पुढे जायला मन घेत नाही, म्हणून शेरा लिहायची जागा वाढवतोय.

शीट 1919 ला बंद करायची हे मात्र ठरलं. 17 सप्टेंबर 1920 ला कॅन्टनमध्ये राल्फ हेच्या मोटारींच्या शोरूममध्ये बैठक झाली, पुढे एनएफएल (नॅशनल फुटबॉल लीग) म्हणून ओळखली गेलेली संघटना उभी राहिली, आणि वर्षभरात पॅनहँडल्सचाच जो कार तिचा अध्यक्ष झाला. तिथून पुढच्या नोंदी ठेवायला कचेरी होती.

पुढच्या शनिवारी 1910 आणि 1911 ची शेल्बीची मायक्रोफिल्म. कोणाकडे 1913 च्या अॅक्रन इंडियन्सच्या सामन्यांची छापील कात्रणं असतील तर दोन्ही गावांची पाठवा. एका गावचं कात्रण मी आता एकटं चढवत नाही.