पाणी तर तो भरपूर प्यायला होता

“डॉक्टर, पाणी तर तो भरपूर प्यायलाय हो! मी स्वतः पाजलंय त्याला.” मुलाचे वडील हेच पुन्हा पुन्हा सांगत होते आणि त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. मुलगा मात्र आपल्या सायकलकडे बघत मला विचारत होता, “माझा नंबर कधी लागणार?” त्याची शर्यत संपून पाच मिनिटंही झाली नव्हती.

एप्रिलअखेरचा रविवार, गोव्यात पेडण्याकडचा एक रस्ता, २० किलोमीटरची टाइम ट्रायल. दहा किलोमीटर जायचं, वळसा घ्यायचा आणि दहा परत. एकेक मिनिटाच्या अंतराने सायकलस्वार सुटतात, कुणाच्या पाठीमागे लपून वारा चुकवायची मुभा नसते. तीस-पस्तीस मिनिटांत सगळा जीव ओतायचा. माझा दवाखाना डिचोलीत, पण अशा शर्यतींना वैद्यकीय मदतीसाठी मी आवडीने जाते. सुरुवात सकाळी साडेसहाला व्हायची होती. रस्ता मोकळा होईपर्यंत उशीर होत गेला आणि शेवटची मुलं सुटली तेव्हा नऊ वाजून गेले होते. सावलीत ३२ अंश. आकडा भीतीदायक नाही, पण किनारपट्टीवरचा एप्रिल ज्याने अनुभवलाय त्याला कळेल. पान हलत नव्हतं आणि घाम सुकायचं नाव घेत नव्हता.

त्या मुलाच्या जरा आधी एक बाई रेषा ओलांडून थांबल्या आणि सायकलवरून उतरताच खाली कोसळल्या. सगळा जमाव पाण्याच्या बाटल्या घेऊन तिकडे धावला. त्या घाबरलेल्या होत्या, पण नाव, गाव, वेळ सगळं अचूक सांगत होत्या. ताप ३८.७ अंश सेल्सिअस. जोरात पॅडल मारताना पायांचे स्नायू रक्त वर ढकलत असतात. एकदम थांबलं की ते रक्त पायांतच साठतं आणि मेंदूला क्षणभर कमी पडतं. त्यांना आडवं केलं, पाय मासळीच्या रिकाम्या क्रेटवर ठेवले. थोड्या वेळाने त्या स्वतः उठून बसल्या आणि आपली वेळ किती लागली ते विचारू लागल्या.

मुलगा कोसळला नव्हता, म्हणून त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. त्याने सायकल भलत्याच कुणाच्या गाडीला टेकवली आणि तो सुरुवातीच्या दिशेने चालू लागला. एका स्वयंसेवकाने हटकलं तर म्हणाला, “वळसा राहिलाय माझा.” त्या स्वयंसेवकाने त्याचा दंड धरून त्याला माझ्याकडे आणलं. त्या दिवसातलं सगळ्यात मोलाचं काम त्याने केलं, असं मी आजही म्हणते.

अंग घामाने निथळत होतं. उष्माघातात घाम बंद होतो, कातडी कोरडी पडते, असं अनेकांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. कष्टाने होणाऱ्या उष्माघातात घाम चालूच असू शकतो. काखेत थर्मामीटर लावला तर ३८.२. पण अशा वेळी काखेचा, कपाळाचा आकडा धरून चालत नाही. चार जणांनी चादरी धरून आडोसा केला, गुदमार्गाने ताप घेतला. ४१.१.

४० च्या वर ताप आणि बडबडीत विसंगती, उष्माघात ओळखायला एवढं पुरेसं होतं. वडील म्हणाले, “सलाईन लावा.” कुणी म्हणालं, पाणी पाजा. भान हरपलेल्या माणसाला पाणी पाजलं तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. शिवाय आधीच इतकं साधं पाणी पोटात गेलेल्याच्या रक्तातलं सोडियम उतरलेलं असू शकतं. तसं असेल तर आणखी पाणी म्हणजे मेंदूला सूज येण्याचा धोका. त्या क्षणी त्याला हवा होता बर्फ.

आदल्या संध्याकाळी मी मासळीवाल्यांकडून बर्फाच्या पेट्या मागवून ठेवल्या होत्या. पावसाळ्याआधी घरोघरी येते तशी निळी ताडपत्री अंथरली, मुलाला तिच्यावर निजवलं, सहा जणांनी कडा उचलून धरल्या. पिंपातलं पाणी आणि फोडलेला बर्फ आत ओतला आणि ताडपत्री सतत हलवत ठेवली, म्हणजे अंगालगतचं कोमट झालेलं पाणी सरकत राहतं. तेवढ्यात १०८ आली. वडिलांचा धीर सुटला. “गाडी उभी आहे आणि तुम्ही त्याला इथे भिजवत काय बसलाय?” बापाच्या जागी मीही हेच ओरडले असते. पण या आजारात आधी थंड करायचं आणि मगच हलवायचं, हा नियम आहे. अर्ध्या तासात ताप ४० च्या खाली आला तर जीव वाचण्याची शक्यता फार मोठी असते, आणि गाडीत तो असा उतरवता येत नाही. पंधरा मिनिटांनी आकडा ३८.८ वर आला. मुलाने डोळे माझ्यावर स्थिर केले आणि म्हणाला, “थंडी वाजतेय.” त्याला बाहेर काढून गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात पाठवलं.

सुरुवातीच्या रेषेजवळ आम्ही वजनकाटा ठेवला होता. मुलाचं आधीचं वजन नोंदलेलं होतं, ताडपत्रीवर निजवण्याआधी पुन्हा घेतलं होतं. फरक जेमतेम चारशे ग्रॅम, म्हणजे साधारण तेवढाच घाम. ६० किलोच्या देहाला ही तूट एक टक्क्याच्याही आत. तो सुकला नव्हताच, तापला होता.

हा फरक आपल्याकडच्या सायकलवाल्यांना समजावा अशी माझी फार इच्छा आहे. पॅडलवर अडीचशे वॅट उमटतात तेव्हा शरीरात जवळपास नऊशे वॅटची उष्णता तयार होत असते, कारण आपले स्नायू खर्चलेल्या ऊर्जेचा जेमतेम पाचवा-चौथा हिस्साच कामी लावतात. ही उष्णता बाहेर पडलीच नाही, तर ६० किलोच्या माणसाचा ताप दर चार मिनिटांनी एक अंश वाढेल. ती बाहेर काढतो तो वाळणारा घाम. हनुवटीवरून टपकणारा घाम काहीच थंड करत नाही, आणि दमट हवेत तो टपकतोच. त्यात टाइम ट्रायलचं बंदिस्त हेल्मेट, अंगाला घट्ट पोशाख. या मुलाला दोन दिवसांपूर्वी सर्दी-ताप होऊन गेला होता, सकाळी त्याने सर्दीची गोळी घेतली होती. त्यातल्या काही गोळ्या घामच कमी करतात. शिवाय शिकायला बेळगावला असतो, आदल्या दिवशीच घरी आलेला. दमट उकाड्याची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात.

मग पाण्याचं काय? ते शर्यतीआधीचं काम आहे. अर्ध्या तासाच्या जीवतोड मेहनतीत पोटातलं पाणी रक्तात पोचून त्याचा फारसा उपयोग व्हायला अवधी नसतो, त्यामुळे वाटेत तोंड ओलं करण्यापुरता घोट पुरे. आदल्या रात्री नीट जेवा, हुर्राकाचा, म्हणजे काजूच्या ताज्या दारूचा हंगाम असला तरी त्या रात्री त्याला हात लावू नका. सकाळी सुटण्याच्या दोनेक तास आधी उकड्या तांदळाची मीठ घातलेली पेज माझ्या मते सगळ्यात उत्तम. ६० किलोच्या माणसाला तीनशे-चारशे मिली द्रव पुरतो. सुटण्यापूर्वी मीठ घातलेलं आमसुलाचं सरबत बर्फाचा चुरा करून प्या, त्याने शरीर आतून थंड होतं. शर्यतीआधीचा वॉर्म-अप सावलीत करा, मानेवर ओला पंचा ठेवा. शर्यतीनंतर जितकं किलो घटलं, त्याच्या दीडपट लिटर सावकाश प्या. शहाळं चांगलंच, पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम थोडं, म्हणून सोबत काहीतरी खारट हवं. आणि ताप येऊन गेला असेल तर सुटूच नका.

मुलगा काही दिवस इस्पितळात होता. यकृत, मूत्रपिंड आणि स्नायूंच्या तपासण्या आधी वाढलेल्या आल्या, मग उतरत गेल्या. वडिलांनी फोन करून विचारलं, परत सायकल कधी? मी सांगितलं, किमान आठवडाभर काहीच नाही, नंतर पुन्हा रक्त तपासायचं. सगळं ठीक आलं की पहाटे, सपाट रस्त्यावर, बोलता येईल इतक्याच वेगाने सुरुवात. उन्हात नेणं त्यानंतर, हळूहळू वाढवत, आणि पहिले काही दिवस कुणीतरी सोबत हवंच. वडील म्हणाले, “मी येईन मागून स्कूटरवर.”