पारा ३३, टायगर १०७

मे संपत आला की गोव्यातल्या साखळीच्या बाजारात मासळीवर झुंबड उडते. १ जूनपासून मासेमारी बंद, मग दोन महिने सुक्यावर भागवायचं. अशाच एका सकाळी एक काका त्यांच्या टायगर कुत्र्याला गाडीत ठेवून बाजारात गेले. काच दोन बोटं खाली केली होती. इसवणाच्या, म्हणजे सुरमईच्या, भावावरून घासाघीस करून परतले तेव्हा टायगर सीटखाली आडवा पडला होता.

‘दोतोर, हाका कितें जालें पळय गो!’ म्हणत ते माझ्या जनावरांच्या दवाखान्यात शिरले. टायगर म्हणजे नावालाच वाघ, जातीने पग. ओल्या टॉवेलात पुरता गुंडाळलेला, आणि वहिनी त्याच्या जबड्यात बर्फाचा खडा कोंबायच्या प्रयत्नात. आधी तो खडा काढला. अर्धवट शुद्धीतल्या जनावराच्या तोंडात काही घातलं की ते घशात अडकतं, पाणी असेल तर फुप्फुसात जातं. मग टॉवेल सोडला. अंगाच्या उष्णतेने तो तापला होता आणि वारा लागूच देत नव्हता.

थर्मामीटर लावला. १०७ फॅरनहाइट. उष्माघात. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१-१०२ असतं. ओठ उचलून पाहिला तर हिरड्या विटेसारख्या लाल, बोट लावलं तर चिकट.

मागच्या मोरीत नेऊन नळाची पाइप सोडली. पोट, जांघा, काखा, पंजे भिजवायचे आणि समोर पेडेस्टल फॅन फुल स्पीडवर. मदतनीस बर्फ आणायला निघाला होता, त्याला थांबवलं. नळाचं पाणी हाताशी असताना बर्फ शोधत वेळ कशाला दवडायचा? तेवढ्यात मी पुढच्या पायावरचे केस काढून शीर धरली, सलाइन चालू केलं. दर थोड्या वेळाने थर्मामीटर. १०३ दिसताच पाणी बंद. त्यानंतरही भिजवत राहिलं तर अंग गरजेपेक्षा गार पडतं.

टायगरने मान उचलली तसा काकांना धीर आला आणि ते वाद घालू लागले. ‘पण आज पारा ३३च होता! नागपुरात ४५ असतो, तिथली कुत्री जगतातच ना?’

हा प्रश्न मला दर उन्हाळ्यात ऐकू येतो. एक तर ३३ बाहेर. उन्हातल्या बंद गाडीत दहा मिनिटांत दहाएक अंश चढतात, दोन बोटं काच उघडी ठेवून फारसा फरक पडत नाही. दुसरं म्हणजे आपली दमट हवा. कुत्र्याला घाम येतो तो पंजांच्या गाद्यांना, तोही नावापुरता. त्याची सगळी भिस्त धापांवर. जिभेवरचा, श्वासातला ओलावा उडाला की अंग निवतं. पण हवाच पाण्याने भरलेली असेल तर तो उडणार कसा? त्यात पगचं नाक चेपलेलं, श्वासाची वाट मुळातच अरुंद. आपल्याकडचे ३३ त्याला कोरड्या हवेतल्या ३३ पेक्षा कितीतरी जड जातात.

‘तापाची गोळी दिली असती तर?’ वहिनींनी विचारलं. हा तापच नव्हे, बाहेरच्या उष्णतेने तापलेलं अंग, त्यामुळे गोळीने अंग उतरत नाही. उलट आपलं पॅरासिटामॉल कुत्र्याच्या यकृताला बाधतं. मांजराला तर एक गोळीही जीवघेणी.

तापमान उतरलं म्हणजे सुटलो असं नसतं. मूत्रपिंडं आणि रक्त गोठण्याची क्रिया एक-दोन दिवसांनीही दगा देते. दुसऱ्या दिवशी टायगरच्या पोटावर बारीक लाल ठिपके दिसले, शी रक्ताळ झाली. रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट कमी, मूत्रपिंडांवरचा ताण दाखवणारं क्रिएटिनिन वाढलेलं. सलाइन चालू ठेवलं. तिसऱ्या दिवशी आकडे सुधारू लागले आणि त्याने पेजेची वाटी चाटून साफ केली.

घरी सोडताना काकांनी विचारलं, एसी घेऊ का? म्हटलं, गार फरशी, पंखा आणि भरपूर पाणी आधी द्या. लाइट गेली तर पोट नि पाय ओले करून वारा घाला. फिरवायचं ते उजाडताना.

‘म्हणजे साडेपाचला,’ वहिनी काकांकडे बघून म्हणाल्या आणि औषधांची पिशवी त्यांच्या हातात दिली.