गाडी कुणाच्या भरवशावर?

आमचं घर निफाड तालुक्यात आहे, असं रेशनकार्ड सांगतं. तिथे सासूबाई आणि पोरं राहतात. आम्ही दोघं दहा टायरच्या ट्रकच्या केबिनमध्ये. ड्रायव्हरच्या सीटपासून मागच्या बर्थपर्यंत दोन पावलं, तेवढ्यात देवाचा फोटो, गादी, कपड्यांच्या पिशव्या, कागदांची फाईल आणि एक फॅन, जो कसाही लावला तरी ह्यांच्याच बाजूला वळतो. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला. आमची गाडी त्याच्या आधीची. हप्ते मात्र अजून चालू आहेत.

मी ह्यांच्याबरोबर निघाले ते क्लीनर टिकत नव्हते म्हणून. एक दिवाळीला गावी गेला तो गेलाच, दुसरा टूलबॉक्समधला जॅक घेऊन गेला. मग मीच टायर ठोकून हवा बघायला लागले, ताडपत्री ओढायला, दोरी आवळायला, रिव्हर्सला मागे उभी राहून ‘येऊ द्या, येऊ द्या’ ओरडायला. पुढे वाटलं, नुसतं येऊ द्या म्हणण्यात जन्म कशाला घालवायचा. हलक्या गाडीचं लायसन्स हातात येऊन वर्ष झाल्याशिवाय ट्रकचं मिळत नाही. ते वर्ष काढलं, टेस्ट दिली, पास झाले. तेव्हापासून दिवसा सरळ रस्ता माझा, घाट आणि रात्र ह्यांची, अशी वाटणी.

रोजचं म्हणाल तर सगळं जागेवर अवलंबून. पंप मोठा असला की आंघोळ होते, नाहीतर पाण्याचा कॅन आणि ताडपत्रीचा आडोसा. स्वयंपाक छोट्या सिलिंडरवर, पंपापासून लांब, वारा बघून चाकाच्या आड. रोज ढाब्यावर जेवलो तर भाड्यातलं काही उरत नाही. संध्याकाळी पोरीचा व्हिडिओ कॉल येतो, ती वही कॅमेऱ्यासमोर धरते आणि मी गणितं तपासते. रेंज गेली की गणित तिथेच अडकतं.

खरी अडचण वेगळीच. पंपावर बायकांच्या संडासाला कुलूप असतं. किल्ली ऑफिसात, आणि ऑफिसातला पोरगा नेमका जेवायला गेलेला. म्हणून मी पाणी बेतानं पिते. हेही कमीच पितात, पण त्यांचं कारण निराळं: थांबलं की वेळ जातो. माझ्या थांबण्यावरून आमची जेवढी भांडणं झालीत तेवढी पैशावरूनही झालेली नाहीत.

त्या दिवशी मध्य प्रदेशातल्या पिथमपूरहून चाकणचं भाडं होतं, लोखंडी पार्टच्या पेट्या. मालाबरोबर जीएसटीचं ई-वे बिल लागतं, त्याच्या मुदतीला दिवसाचे २०० किलोमीटर धरतात, ट्रान्सपोर्टवाला पाचशे धरतो. कामगार कायदा दिवसाला ८ तास काम सांगतो, पण तो नोकरीवरच्या ड्रायव्हरला. आम्ही पडलो आमचेच मालक. तासांची तक्रार करायची तर एकमेकांकडे, आणि ती आम्ही रोज करतो.

माल भरून निघेपर्यंत संध्याकाळ झाली. घाट उतरून धामनोद, खलघाटला नर्मदा, जुलवानियाला चहा. तोवर सगळं ठीक. सेंधवा मागे पडलं आणि हे बोलता बोलता गप्प झाले. बघते तर उजवा हात स्टिअरिंगवर, डावा कुशीत दाबलेला, आणि कपाळावरून घाम गळतोय. बिजासनी मातेच्या देवळाजवळ त्यांनी कशीबशी गाडी बाजूला घेतली, दार उघडलं आणि खाली उतरून ओकले. मुतखड्याची कळ आम्हाला ओळखीची. माणूस उभा राहू शकत नाही, झोपू शकत नाही, नुसता वळवळतो.

“१०८ लावते,” मी म्हटलं.

“लाव. मला घेऊन जातील. मग तू?”

इथे गाडं अडलं. ॲम्ब्युलन्स माणसाला नेते, ट्रकला नेत नाही. मी त्यांच्याबरोबर गेले तर भरलेली गाडी रात्री घाटमाथ्यावर बेवारस. सकाळी डिझेलची टाकी रिकामी, ताडपत्री फाडलेली आणि दोन पेट्या कमी. त्यांना एकट्याला पाठवलं तर मी गाडीत एकटी, दार आतून लावून. गावातल्या बाईचा नवरा आजारी पडला तर ती घराला कुलूप लावून दवाखान्यात जाते. आमचं घर, दुकान आणि कर्ज एकाच चेसिसवर, कुलूप लावून ते रस्त्याच्या कडेला सोडायचं कसं? मागे सेंधव्याला वळायचं तर दुभाजकातला कट शोधत जायचं. समोर शिरपूर होतं, आणि मधे घाट.

मी ह्यांना बर्थवर चढवलं, कपडे धुवायची बादली त्यांच्या हाताशी ठेवली आणि सीट पुढे ओढली.

बिजासन घाट मी दिवसा, हे बाजूला असताना उतरवलेला होता. रात्री कधी नाही. घाट ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा, हे मला पहिल्या दिवशी शिकवलेलं. तिसरा टाकला, एक्झॉस्ट ब्रेक लावला, म्हणजे इंजिनच गाडीला रोखतं, चारी इंडिकेटर चालू केले आणि डावी लेन धरली. इंजिन घोंघावत गाडीला मागे ओढून धरतं. तो आवाज कानाला त्रास देतो, पण तो चालू आहे तोवर जीव थाऱ्यावर असतो. उजवीकडून एकामागून एक गाड्या सुसाट जात होत्या, अगदी आवाज न करता. त्या न्यूटलमध्ये, म्हणजे गिअर काढून. डिझेल वाचवायला न्यूटल मारतात, मग इंजिन काही धरत नाही आणि सगळा भार पायाच्या ब्रेकवर येतो. चाकाच्या ड्रमला घासून गाडी थांबवणारे लायनर तापतात. ट्रकचा ब्रेक हवेच्या दाबावर चालतो, म्हणून लोकांना वाटतं ब्रेक फेल म्हणजे हवा गेली. बरेचदा हवा असते, दाबाचा काटा जागेवर असतो, पेडलही पायाला नेहमीसारखं लागतं, पण तापलेला लायनर ड्रमला धरतच नाही. याच रस्त्यावर खाली पळासनेरजवळ ४ जुलै २०२३ ला ब्रेक फेल झालेला कंटेनर गाड्यांना धडकत हॉटेलात घुसला होता. किमान दहा माणसं गेली.

मी दाबून सोडायचे, दाबून सोडायचे. मागून कण्हणं येत होतं आणि मधेमधे सूचना.

“ब्रेकवर पाय ठेवून बसू नको.”

“नाही बसले.”

“आवाजावरून कळतं मला.”

“तुम्ही ओकून घ्या आधी.”

पुढच्या वळणावर एक गाडी कठड्याला टेकून उभी होती, केबिन चेपलेलं, मागे झाडाच्या फांद्या टाकलेल्या. ड्रायव्हर बाहेर उभा राहून फोनवर बोलत होता, म्हणजे धड होता. मी दुसरा गिअर टाकला. मागच्यानं हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. वाजव म्हटलं. पळासनेर गेल्यावर सपाट रस्ता लागला तेव्हा कळलं, उजव्या पायाच्या पोटरीत गोळा आला होता.

शिरपूरला आमचा नेहमीचा पंप आहे. मॅनेजर झोपलेला उठला. “वहिनी, गाडी त्या लाईटखाली लावा आणि जा. मी आहे ना.” टाकीला कुलूप होतंच. फाईल आणि किल्ली घेऊन, रिक्षात ह्यांना घालून दवाखाना गाठला.

“पेशंटबरोबर कोण?” नर्सनं विचारलं.

“मीच.”

गाडीबरोबर कोण, हे मला कुणी विचारलं नाही, पण माझ्या डोक्यात तेच. इंजेक्शन लागलं, सलाईन सुरू झालं, हे झोपले. रात्री मी रिक्षा करून पंपावर जाऊन आले. गाडी होती तिथेच होती. ताडपत्रीच्या दोऱ्या चाचपल्या, परत आले. पहाटे आणखी एकदा गेले. रिक्षावाल्याला वाटलं असेल, बाईचे दोन पेशंट आहेत.

सकाळी सोनोग्राफी झाली. ६ मिलिमीटरचा खडा, खाली सरकायला लागलेला. डॉक्टर तरुण होते. त्यांनी काय काम करता विचारलं आणि उत्तर ऐकायच्या आधीच मान हलवली. “थांबायला नको म्हणून पाणी पीत नाही, बरोबर? हायवेवर दवाखाना आहे माझा, रोज एक तरी ट्रकवाला असतो.” दिवसाला तीन लिटर पाणी, गोळ्या, चार दिवस आराम. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “तुम्हीही पाणी पीत नसणार.” मी काही बोलले नाही. कुलपाची गोष्ट त्यांना सांगत बसले असते तर ओपीडी खोळंबली असती.

तेवढ्यात ट्रान्सपोर्टवाल्याचा फोन. गाडी कुठे? धुळ्याहून बदली ड्रायव्हर पाठवतो, पैसे तुमच्या भाड्यातून.

“नको. मी आणते.”

“कोण मी?”

“मी.”

“वहिनी, साहेबांना फोन द्या जरा.”

साहेब सलाईनची पट्टी सोलत बसले होते. “तीच आणतेय,” म्हणाले आणि फोन ठेवला. लग्नानंतर माझ्याबद्दल एवढं सरळ वाक्य मी त्यांच्या तोंडून क्वचितच ऐकलंय.

पुढचा प्रवास म्हणजे उलटी गंमत. तीन लिटर पाणी पिणारा माणूस मागे झोपलेला, आणि दर तासाला “अगं, घे जरा बाजूला.” सोनगीरला थांबलो, धुळ्याच्या बाहेर थांबलो, मालेगावच्या आधी थांबलो. पुरुषाला झाड पुरतं. मी एकदाही कुरकुरले नाही, फक्त प्रत्येक वेळी घड्याळात बघून मोठ्यानं वेळ सांगितली.

पिंपळगावजवळ सासूबाई हायवेला येऊन थांबल्या होत्या, डबा आणि पोरं घेऊन. आमच्या भेटी बहुधा अशाच, गाडी चालू ठेवून दहा मिनिटांच्या. हे केस विंचरून सीटवर ताठ बसले. पोरगं चाक धरून उभं राहिलं, मुलीनं वही आणली होती. सासूबाई म्हणाल्या, “त्याला इथे ठेव, चार दिवस पडू दे.” मलाही तेच वाटत होतं. पण लगेच त्याच म्हणाल्या, “पण मग तू एकटी?” रात्री चाकणच्या रस्त्याला एकटी बाई ट्रकमध्ये असणं आणि कण्हत का होईना, नवरा मागे झोपलेला असणं, यात फरक आहे. तो फरक मला आवडत नाही, पण हायवेवर तोच चालतो. हे आले बरोबर.

सिन्नर, संगमनेर, चंदनापुरीचा घाट, आळेफाटा. नारायणगावला चहा. चाकणला पोचलो तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. कंपनीच्या गेटवर रांग होती. नंबर आला तसा सिक्युरिटीवाला बॅटरी घेऊन आला, माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागे बघितलं.

“मॅडम, तुम्ही उतरा. ड्रायव्हरला पाठवा. लेडीज हेल्पर आत चालत नाही.”

“हेल्पर ते आहेत,” मी मागे बोट केलं. “ड्रायव्हर मी.”

त्यानं लायसन्स मागितलं. बॅटरीच्या उजेडात फोटो बघितला, मला बघितलं, परत फोटो बघितला. रजिस्टरमध्ये ड्रायव्हरच्या रकान्यात त्यानं आरसी बघून ह्यांचं नाव आधीच लिहून टाकलेलं. ते खोडायचं म्हणजे सुपरवायझरची सही लागते. सुपरवायझर आला, तो वयस्कर होता, सातारकडचा असावा. त्यानं सही केली आणि सांगितलं, “एका गाडीला एकच माणूस आत. ड्रायव्हर. आणि सेफ्टी शूज.”

ह्यांचे शूज नऊ नंबरचे. दोन जोड मोजे चढवून, पुढे कापडाची घडी कोंबून मी ते घातले. पेडलवर पाय नीट पडतो का ते दोनदा बघितलं. हे पाण्याची बाटली घेऊन ड्रायव्हरांच्या बाकड्यावर बसले. बाकड्याशेजारीच जेंट्स टॉयलेट. त्या रात्री नशीब त्यांच्या बाजूनं होतं.

आत ताडपत्री मीच सोडली. डॉकला रिव्हर्स लावताना मागे ओरडायला कुणी नव्हतं. फोर्कलिफ्टवाला पोरगा खाली उतरला आणि हातानं दाखवत राहिला, हसला नाही, मोबाइलवर व्हिडिओही काढला नाही. पेट्या उतरेपर्यंत मी टॉयलेट विचारलं. त्यानं लाइनवर काम करणाऱ्या एका मुलीला बोलावलं आणि ती मला आत घेऊन गेली. साबण होता, आरसा होता, दाराची कडी लागत होती. पिथमपूरपासून चाकणपर्यंत मला मिळालेलं सगळ्यात स्वच्छ टॉयलेट. मी तोंड धुतलं आणि ओंजळीनं पोटभर पाणी प्यायले.

पोचपावतीवर शिक्का घेऊन बाहेर आले तेव्हा हे बाकड्यावरच झोपले होते, बाटली छातीशी धरून. उठवलं तर पहिलं विचारलं, “घासली का कुठे?” नाही म्हटलं. तरी गाडीला एक फेरी मारून आले.

ट्रान्सपोर्टवाल्यानं उशिराचे पैसे कापलेच, दवाखान्याचा कागद दाखवूनसुद्धा. खडा पुढे हैदराबादच्या भाड्यात, जहीराबादच्या अलीकडे पडला. आता तो ट्रान्सपोर्टवाला भाडं सांगताना आधी विचारतो, “वहिनी बरोबर आहेत ना? मग दोघं आलटूनपालटून चालवा, थांबायचं काय कारण?” आणि पाचशेचे सातशे किलोमीटर धरतो. मी सांगितलं, पाण्याचे थांबे धरून साडेपाचशे. जमत नसेल तर दुसरी गाडी बघा.