मारुती ८०० मधली टिकटिक: टॅपेट आवळण्याआधी

जुन्या मारुती ८०० चं बॉनेट उघडलं आणि आतून टिकटिक ऐकू आली, की दहापैकी नऊ जण एकच निदान करतात: टॅपेट वाजतोय. टॅपेट म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या रॉकरच्या टोकाचा स्क्रू; त्याच्या आणि व्हॉल्व्हच्या दांड्याच्या मध्ये थोडी फट ठेवलेली असते. बऱ्याचदा हे निदान बरोबरही असतं. पण ‘आवाज बंद करून द्या’ एवढंच सांगून गाडी गॅरेजमध्ये सोडली, तर फटीचं माप न घेता टॅपेट जास्त आवळून मिळण्याची शक्यता असते. गाडी शांत होते, मालक खूश होतो आणि काही महिन्यांनी एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळून इंजिनचं हेड (वरचा भाग) उतरवायची वेळ येते. थोडा वाजणारा टॅपेट सहसा फार नुकसान करत नाही. जास्त आवळलेला टॅपेट आवाज न करता नुकसान करतो. म्हणून आधी आवाज नेमका कुठून येतोय ते शोधायचं आणि मगच पाना हातात घ्यायचा.

पहिली चाचणी सोपी आहे. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक लावून उभी करा आणि हळूहळू रेस द्या. आवाज रेसबरोबर वाढला तर तो इंजिनचा. उभ्या गाडीत आवाज नाही, फक्त चालताना येतो, तर आधी टायरमध्ये रुतलेला खडा किंवा खिळा बघा. वळताना कटकट होत असेल तर ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट तपासा.

दुसरी गोष्ट आवाजाच्या गतीची. व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट क्रँकच्या, म्हणजे पिस्टनने फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या, निम्म्या वेगाने फिरतो. आयडलिंग ९०० आरपीएम धरलं तर प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला ४५० वेळा उघडतो, म्हणजे सेकंदाला सात-आठ वेळा टिक. एका टॅपेटचा आवाज याच तालात येतो. टायमिंग लाइट (प्लगच्या ठिणगीबरोबर लुकलुकणारा दिवा) असेल तर तो एका प्लगच्या वायरला लावा. एका झगमगाटाला एक टिक पडली तर आवाज कॅमच्या वेगाचा, दोन पडल्या तर क्रँकच्या वेगाचा. मात्र एका सिलिंडरच्या एक्झॉस्ट पॅकिंगमधून (जोडातल्या गॅस्केटमधून) होणारी गळतीही क्रँकच्या दर दोन फेऱ्यांना एकदाच वाजते. तेव्हा निम्मा वेग निघाला म्हणून टॅपेट दोषी ठरत नाही.

मग ऑइल. गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा, मग डिपस्टिक पुसून पुन्हा घालून बघा. पातळी खालच्या खुणेच्या खाली असेल तर बाकीचं निदान बाजूला ठेवा आणि आधी ऑइल पुरं करा. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल किंवा ते पाण्यासारखं पातळ झालं असेल तर बदला, सोबत फिल्टरही. सकाळी स्टार्ट केल्यावर दोन-तीन सेकंद खडखड होऊन थांबत असेल, तर फिल्टरचा दर्जा तपासा. फिल्टरमध्ये ऑइल मागे वाहू न देणारा रबरी पडदा असतो. हलक्या फिल्टरमध्ये तो नीट बसत नाही आणि रात्रभरात ऑइल खाली उतरतं. आवाज दाबायला मुद्दाम जाड ऑइल भरण्याचा सल्ला मिळेल, तो मात्र मानू नका. जाड ऑइल थंडीत हेडपर्यंत उशिरा पोचतं आणि कॅम-रॉकरची झीज नेमकी त्याच वेळात होते. ऑइलच्या लाल दिव्यावरही फार विसंबू नका, कारण प्रेशर फारच खाली गेल्यावर तो लागतो. शंका असेल तर प्रेशर स्विच काढून त्याच जागी काट्याचा गेज लावून खरं प्रेशर मोजून घ्या.

ऑइल ठीक असेल तर बाहेरचे संशयित तपासायचे. यात सगळ्यात फसवं म्हणजे एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं, म्हणजे हेडमधून धूर बाहेर नेणाऱ्या नळाचं, पॅकिंग. त्याची गळती हुबेहूब टॅपेटसारखी वाजते. फरक असा, की थंड इंजिनवर ती जोरात असते आणि लोखंड तापून फुगलं की कमी होते, कधी पूर्ण थांबते. चढावर किंवा जोराने ॲक्सिलरेटर दिल्यावर पुन्हा वाढते. मॅनिफोल्ड हेडला जिथे बसतो तिथे टॉर्च मारा. काजळीची काळी रेघ पंख्यासारखी बाहेर पसरलेली दिसली तर गळती तिथेच आहे. थंड इंजिन सुरू करून जोडावर साबणाचं पाणी शिंपडलं तर बुडबुडे दिसतात. कुणाला तरी जाड ओल्या फडक्याने सायलेन्सरचं तोंड दोन-तीन सेकंद अर्धवट झाकायला सांगा, त्याने गळतीचा आवाज लगेच वाढतो. हे सगळं उघड्यावर करा, बंद गॅरेजमध्ये हा धूर जीवघेणा ठरू शकतो. पॅकिंग बदलताना मॅनिफोल्डचा चेहरा पट्टी ठेवून सपाट आहे का ते बघा. वाकडा असेल तर नवं पॅकिंगही थोड्याच दिवसांत फुंकेल. गंजलेले स्टड आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल टाकून ठेवा, नाहीतर ते हेडमध्येच तुटतात आणि छोटं काम मोठं होतं.

ढिला स्पार्क प्लगही असाच चकचक करतो. त्याच्या बुडाशी काळपट, तेलकट डाग दिसतो. प्लगची वायर फुटली असेल तर चट-चट असा कोरडा आवाज येतो आणि इंजिन थोडं मिसही करतं. अंधारात बॉनेट उघडून बघा, निळी ठिणगी दिसते. त्या वेळी वायरला हात लावू नका.

कार्ब्युरेटरच्या ८०० मध्ये यांत्रिक पेट्रोल पंप असतो. तो कॅमवरच चालतो, त्यामुळे त्याची टकटकही टॅपेटच्याच तालात येते. एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल देणाऱ्या) गाडीत इंजेक्टरची बारीक, एकसारखी टिकटिक ही नेहमीची गोष्ट आहे. पेट्रोलची वाफ धरून ठेवणाऱ्या कॅनिस्टरचा पर्ज व्हॉल्व्हही वाजतो, पण इंजिनच्या तालाशी त्याचा मेळ बसत नाही. त्याचा सॉकेट काढल्यावर आवाज थांबला तर समाधान माना आणि सॉकेट परत लावा. फॅन बेल्टचा सुटलेला धागाही कव्हरला लागून टिकटिकतो. बेल्ट काढून इंजिन वीस-तीस सेकंदच चालवा, जास्त नको, कारण पाण्याचा पंप याच बेल्टवर आहे. टायमिंग बेल्टची कड कव्हरला घासत असेल तर मात्र गाडी पुढे चालवू नका, आधी बेल्ट बदला.

आता आवाजाची जागा नक्की करायची. लांब स्क्रू ड्रायव्हर घ्या, टोक धातूवर टेकवा, मूठ कानाजवळच्या हाडाला. टॅपेट कव्हरच्या बोल्टवर, पेट्रोल पंपावर, अल्टरनेटरवर, खाली ऑइल चेंबरवर अशा एकेक जागा ऐका. गळतीसाठी स्क्रू ड्रायव्हर कामाचा नाही. तिथे हातभर रबरी नळीचं एक टोक कानाशी धरा आणि दुसरं जोडाभोवती फिरवा. ओढणी, गळ्यातली साखळी, सैल बाह्या दूर ठेवा. रेडिएटरचा पंखा विजेचा आहे, तो मध्येच आपोआप सुरू होतो.

यानंतरची चाचणी निर्णायक आहे. इंजिन बंद करून एका प्लगची वायर काढा, ती जादा प्लगला लावून तो प्लग बॉडीला टेकवा आणि इंजिन सुरू करा. तिन्ही सिलिंडरवर आळीपाळीने हे करा. एमपीएफआय गाडीत त्या सिलिंडरच्या इंजेक्टरचाही सॉकेट काढा, नाहीतर न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करतं. एखादा सिलिंडर बंद केल्यावर आवाज लक्षणीय कमी झाला, तर दोष त्या सिलिंडरच्या पिस्टनमध्ये, बेअरिंगमध्ये किंवा एक्झॉस्ट गळतीत आहे. काहीच फरक पडला नाही आणि आवाज वरून, कव्हरखालून येतोय, तर तो टॅपेटच.

टॅपेट सेटिंग रात्रभर उभ्या असलेल्या थंड इंजिनवर करा. प्रत्येक सिलिंडरला दोन व्हॉल्व्ह असलेल्या ८०० मध्ये फट थंड इंजिनवर साधारण ०.१५ मिमी असते. आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा अंतिम धरा. टॅपेट कव्हर काढा आणि तिन्ही प्लग काढून ठेवा, म्हणजे क्रँक हलका फिरेल. टॉप गिअर टाकून सपाट जागी गाडी हळूच पुढे ढकलली तरी क्रँक योग्य दिशेने फिरतो.

फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-२. प्लगांना आळीपाळीने वीज देणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरचा रोटर पहिल्या सिलिंडरच्या वायरकडे आला आणि टायमिंगची खूण जुळली, की त्याचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात. तेव्हा दोन्ही रॉकर बोटाने हलवून बघा, किंचित खेळ लागायला हवा. ०.१५ ची पट्टी (फीलर गेज) स्क्रूच्या टोकात आणि व्हॉल्व्हच्या दांड्यात घाला. ती थोडी ओढून सरकली पाहिजे आणि ०.२० ची पट्टी जाता कामा नये. लॉकनट सैल करा, स्क्रू फिरवून माप घ्या, स्क्रू धरून ठेवून लॉकनट आवळा आणि पट्टीने पुन्हा तपासा. नट आवळताना स्क्रू जरासा फिरतोच, म्हणून शेवटची तपासणी टाळायची नाही. मग क्रँक २४० अंश पुढे नेऊन तिसरा, तेवढाच आणखी नेऊन दुसरा सिलिंडर. सगळी मापं आधी आणि नंतर लिहून ठेवा. टॅपेट कव्हरचं पॅकिंग नवं घाला, जुनं पॅकिंग बसवलं की कडेने ऑइल झिरपतं.

माप बरोबर आणि आवाज तरीही तसाच, तर व्हॉल्व्हच्या दांड्याचं टोक बघा. वर्षानुवर्षे ठोके खाऊन तिथे स्क्रूच्या टोकाएवढा खळगा पडतो. सपाट पट्टी त्या खळग्याच्या कडांवर टेकते आणि ०.१५ दाखवते, खरी फट मात्र जास्त असते. अशा वेळी पट्टीचं माप सोडून कानाने आवळायचा मोह आवरा. स्क्रू आणि टोक दोन्ही तपासून झिजलेला भाग बदला. रॉकर शाफ्टवर रॉकर वर-खाली डुगडुगत असेल तर शाफ्ट किंवा रॉकर झिजलाय. कॅमच्या उंचवट्यावर बोटाच्या नखाला ओरखडे लागले तर सेटिंगने काही होणार नाही.

सीएनजी किंवा एलपीजी किट असेल तर आणखी सावध राहा. गॅसवर व्हॉल्व्हची बैठक लवकर घासते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि फट वाढण्याऐवजी कमी होते. म्हणजे कालपर्यंत थोडी वाजणारी गाडी आज शांत झाली, तर ती चांगली खूण नाही. व्हॉल्व्ह बंद असताना त्याची उष्णता बैठकीतून हेडमध्ये जाते. फटच उरली नाही तर तो पूर्ण बसत नाही, उष्णता निघत नाही आणि त्याची कड जळते. अशा गाडीत दर १०,००० किमीला फट मोजा, आवाज असो वा नसो. सकाळी सुरू व्हायला त्रास होत असेल आणि एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आतला दाब) कमी येत असेल, तर त्या सिलिंडरचा एक्झॉस्ट टॅपेट आधी सैल आहे की घट्ट ते बघा.

पिस्टनचा खुळखुळाट थंडीत असतो आणि इंजिन तापल्यावर जातो. तो पटकन वाढत नसेल तर गाडी बरीच वर्षं चालते. पण टिकटिकीऐवजी खालून, ऑइल चेंबरकडून जड ठकठक येऊ लागली, चढावर ती वाढली आणि एखाद्या सिलिंडरची वायर काढल्यावर कमी झाली, तर ते कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग आहे. इंजिन तिथेच बंद करा आणि गाडी टो करून न्या. चालवत नेली तर बेअरिंगच्या खर्चात क्रँकची भर पडेल आणि रॉड तुटला तर ब्लॉकचीही.