एक जानेवारी, सकाळी आठ, फ्रँकफर्ट आणि झाडू

जर्मनीत येऊन आता बरीच वर्षं झाली तरी थर्टीफर्स्टच्या रात्रीची सवय काही होत नाही. एरवी रविवारी ड्रिल मशीन लावलं तरी शेजारी बेल वाजवणार, पण त्या रात्री बाराच्या ठोक्याला हीच माणसं रस्त्यावर उतरून जे काही फोडतात ना, आपली लक्ष्मीपूजनाची रात्र त्यापुढे साधी वाटते. आणि सकाळी रस्ता बघाल तर रॉकेटच्या काड्या, लाल कागदाचा लगदा, फुटलेल्या बाटल्या, थंडीने सगळं चिकटून बसलेलं.

तर अशाच एका एक जानेवारीला, लेकीला ताप होता म्हणून फार्मसी शोधत सकाळी आठला बाहेर पडलो (इकडे सुट्टीच्या दिवशी पाळीने एखादंच दुकान उघडं असतं, ते शोधणं हा वेगळ्याच पोस्टचा विषय आहे). अख्खं गाव झोपलेलं आणि चौकात वीसएक पोरं, अंगात चमकणारी जाकिटं, हातात लांब चिमटे आणि झाडू. मला वाटलं महानगरपालिकेचे लोक असतील, एवढ्यात त्यातल्या एकाने हात केला आणि बघतो तर आमच्या ऑफिसमधला, टेस्टिंग टीममधला. "अरे भाई आप? हॅपी न्यू इयर!" म्हणाला, नाक लालभडक. मी म्हणलं तू इथे काय करतोयस. तर म्हणे, फजरची, म्हणजे पहाटेची, नमाज झाली की आम्ही दरवर्षी हेच करतो, जर्मनीत जिथे जिथे आमची मजलिस आहे तिथे.

मजलिस म्हणजे मजलिस खुद्दाम-उल-अहमदिया. खादिम म्हणजे सेवक, त्याचं अनेकवचन खुद्दाम. अहमदिया मुस्लिम जमातीची, म्हणजे एकोणिसाव्या शतकात पंजाबात सुरू झालेल्या एका पंथाची, तरुण मुलांची संघटना. मी त्यांचं नावही तोपर्यंत ऐकलेलं नव्हतं, अहमदिया म्हणलं की पाकिस्तानी भौतिकशास्त्रज्ञ अब्दुस सलाम आणि त्यांचं 1979 चं नोबेल एवढंच माहीत. मग लंच ब्रेकला त्याला विचारत गेलो, थोडं वाचत गेलो, आणि एवढ्या दिवसांनी आज लिहायला बसलोय.

संघटना 1938 ची, जन्म कादियानचा. कादियान म्हणजे आपल्या पंजाबातलं, गुरदासपूर जिल्ह्यातलं. जमातीचे दुसरे खलिफा (म्हणजे धर्मप्रमुख) मिर्झा बशीरुद्दीन महमूद अहमद यांनी ती काढली. स्वतः खलिफा झाले 1914 मधे, तेव्हा वय वर्षं 25, त्यामुळे तरुण पोरांवर काय टाकता येतं हे त्यांना चांगलं माहीत असणार. संघटनेचं ब्रीदवाक्य त्यांचंच, कौमों की इस्लाह नौजवानों की इस्लाह के बगैर नहीं हो सकती. तरुण सुधारले नाहीत तर समाज सुधारत नाही, थोडक्यात.

वयाची अट 15 ते 40. इथे मी हसलो. आपल्याकडे फ्लेक्सवर "युवा नेते" म्हणून 52 वर्षांचा माणूस गॉगल लावून उभा असतो, यांच्याकडे चाळिशी उलटली की खरंच तुमचं नाव त्या यादीतून काढतात आणि वरच्या संघटनेत टाकतात, ती अन्सारुल्लाह. आणि खाली 7 ते 15 ची पोरं म्हणजे अतफाल. बायकांची लजना इमाइल्लाह वेगळी, ती तर 1922 पासूनची, म्हणजे पुरुषांच्या या संघटनेच्या आधी सोळा वर्षं.

मला सगळ्यात भारी वाटली ती यांची कामाची वाटणी. दहाएक पोरांवर एक साइक. त्यांच्या वर गावातल्या मजलिसचा, म्हणजे शाखेचा, प्रमुख तो काइद, आणि देशाचा एक सदर, म्हणजे अध्यक्ष. हिशोबाचं खातं वेगळं, खेळाचं वेगळं, आणि तजनीद म्हणून एक खातं फक्त याद्या ठेवायला! कोण कुठल्या गावात राहायला गेला, कोण पंधरा वर्षांचा झाला, सगळं वहीत. माझा मित्र शिकायला दुसऱ्या शहरात गेला तेव्हा सामान उघडायच्या आधी तिथल्या काइदचा फोन आला म्हणे, भाई पहुंच गये क्या, खाना खाया? मला हे ऐकून एकाच वेळी हेवा पण वाटला आणि जरा गुदमरल्यासारखं पण झालं. मी विशीत पुण्याला आलो तेव्हा आठ दिवस मला कुणी विचारलं नव्हतं जेवलास का म्हणून, आणि खरं सांगायचं तर ते न विचारणंच मला आवडलं होतं.

झाडू मारायचं जे खातं आहे त्याचं नाव वकार-ए-अमल. म्हणजे श्रमाची प्रतिष्ठा. सेवेच्या इतर कामांचं, रक्तदान वगैरे, खातं वेगळं, ते खिदमत-ए-खल्क. कादियानमधे सुरुवातीला रस्ते दुरुस्त करणं, खड्डे बुजवणं असली कामं व्हायची आणि मोठ्या घरची, शिकलेली पोरं पण डोक्यावर मातीची पाटी घेऊन उभी. मुद्दा तोच होता, की कुठलंच काम हलकं नाही हे भाषणातून कळत नाही, पाटी उचलल्यावर कळतं. मी लहानपणी राष्ट्र सेवा दलाच्या शाखेत जायचो, श्रमदान काय असतं ते मला सांगायला नको. सेवा दल 1941 चं, म्हणजे खुद्दामनंतर तीनच वर्षांनी. त्या काळाच्या हवेतच काहीतरी असणार, सगळ्यांनाच पोरांच्या हातात फावडं द्यावंसं वाटत होतं. फरक पण मोठा आहे, आमच्या शाखेत मुलं-मुली एकत्र आणि देवाधर्माचं काही नाही, इथे सगळं धर्मातून येतं आणि शेवटचा शब्द खलिफांचा. मला ते पटत नाही, मित्राला तोंडावर सांगितलंय, तो म्हणाला आप मत मानो, चिमटा तो पकडो.

आता परदेशातल्या शाखांचं. फाळणीत कादियान भारतात राहिलं, जमातीचा बराचसा गोतावळा पाकिस्तानात गेला आणि चिनाबच्या काठी त्यांनी रबवाह नावाचं गाव वसवलं. कादियानच्या पवित्र जागा सांभाळायला 313 जण मागे थांबले, त्यांना दरवेश म्हणतात. पुढे 1974 ला पाकिस्तानने घटनेत दुरुस्ती करून अहमदियांना बिगर-मुस्लिम ठरवलं, 1984 ला तिथले लष्करशहा झिया-उल-हक यांचा वटहुकूम आला, त्यात यांनी स्वतःला मुस्लिम म्हणवणं, अजान देणं हासुद्धा गुन्हा. चौथे खलिफा मिर्झा ताहिर अहमद त्याच वर्षी लंडनला गेले. 1998 मधे तर पाकिस्तानी पंजाबच्या असेंब्लीने रबवाहचं नावच बदलायचं ठरवलं. माझ्या मित्राचे वडील याच काळात इकडे आले, आणि जर्मनीतल्या एवढ्या मोठ्या जमातीमागची गोष्ट बहुतेक घरांमधे थोड्याफार फरकाने हीच आहे.

1989 पर्यंत रबवाहमधला एक सदर जगभरच्या खुद्दामचा सदर असायचा. मग त्या चौथ्या खलिफांनीच ते मोडलं आणि प्रत्येक देशाला स्वतःचा सदर दिला, जो थेट खलिफांना रिपोर्ट करतो. (ते स्वतः पण पूर्वी खुद्दामचे सदर होते, आणि त्यांच्या आधीचे खलिफा मिर्झा नासिर अहमद पण, म्हणजे ही नुसती पोरांची शाखा नाही, वर जायचा जिना पण आहे.) मला हा बदल फार महत्त्वाचा वाटतो, कारण त्यामुळे प्रत्येक देशातली पोरं त्या त्या मातीतलं काम शोधायला लागली. इंग्लंडची पोरं नोव्हेंबरमधे स्टेशनवर उभी राहून माजी सैनिकांसाठी लाल पॉपीचे (सैनिकांच्या आठवणीत छातीला लावायचं फूल) डबे फिरवतात. अमेरिकेत जमातीने 2011 मधे, अकरा सप्टेंबरच्या हल्ल्याला दहा वर्षं झाली तेव्हा, रक्तदानाची मोहीम काढली, टार्गेट 10,000 पिशव्यांचं. आणि जर्मनीत काय, तर अर्थातच साफसफाई. आणि झाडं लावणं. जर्मन माणसाच्या मनात शिरायचं तर याहून सोपा रस्ता नाही, हे ज्याला सुचलं त्याला सलाम.

आता थोडं कडू. हे सगळं दाखवण्यासाठी आहे का? जाकिटावर मोठ्या अक्षरात नाव असतं, पेपरवाल्यांना आधी कळवतात, फोटो येतात. मी विचारलं. तो चिडला नाही. म्हणाला दाढी आणि हे नाव घेऊन तुम्ही इथे ट्रेनमधे बसून बघा, मग सांगा फोटो हवा की नको. यावर मी गप्प बसलो. आणि याच्या दुसऱ्या बाजूला त्यांच्या मशिदीच्या दारात जी पोरं ड्युटीला उभी असतात, बॅगा तपासत, ती पण खुद्दामच. 28 मे 2010 ला लाहोरमधे त्यांच्या दोन मशिदींवर जुम्म्याच्या नमाजेच्या वेळी हल्ला झाला, ऐंशीहून जास्त माणसं गेली. त्या दाराशी उभ्या पोरांचा फोटो काढायला कुणी येत नाही.

बाकी, भारतात 2011 च्या जनगणनेत त्यांना इस्लाममधला एक पंथ म्हणून मोजलं, केरळ हायकोर्टाने तर 1970 मधेच, न्यायमूर्ती कृष्णा अय्यर, अहमदिया मुस्लिमच असा निकाल दिलेला. तरी वाद आहेतच, त्यात मी शिरत नाही, ते माझं घर नाही.

तर पुढच्या एक जानेवारीला मी गेलो. बायको म्हणाली घरातली गॅलरी कधी झाडली नाहीस. गेलो तरी. उणे तीन होतं, ओला कागद चिमट्यात येतच नाही, शेवटी ग्लोव्हजनेच खरवडायचा, आणि बाटलीची काच उचलताना एका अठरा वर्षांच्या पोराने मला ओरडून थांबवलं, "अंकल, झाडू से!" अंकल. नंतर चहा आणि गरम आलू गोश्त, मी गोश्त खात नाही तर कुठून तरी डाळ आणली. एक जर्मन आजी खिडकीतून बघत होती, थोड्या वेळाने खाली आली, वाटलं थँक्यू म्हणेल, तर म्हणाली तिकडे सायकल स्टँडच्या मागे पण राहिलंय. सगळे हसत तिकडे गेले.

मित्राला या वर्षी चाळीस पूर्ण होतायत. आता पुढच्या वेळेला तो म्हाताऱ्यांच्या यादीत. मी विचारलं म्हणजे झाडू सुटला का तुझा. म्हणे कुठला सुटतोय, फक्त आता दहा मिनिटं उशिरा आलो तर कुणी फोन नाही करणार.

माझं ते चमकणारं जाकीट अजून तळघरातच पडलंय, परत द्यायचं राहिलंय.