उलटं पायडल

नेदरलँड्समधल्या उट्रेख्टला आल्यावर पहिल्याच आठवड्यात ऑफिसात ओळखपाळख चालली होती. छंद काय, असं कुणीतरी विचारलं. मी तोऱ्यात सांगितलं, "मी सायकलिंग करते." पुण्यात हे वाक्य टाकलं की लोक हमखास दोन प्रश्न विचारायचे: सिंहगडाला किती वेळ लागतो आणि सायकल केवढ्याची? इथे समोरचे सगळे चेहरे कोरे. "मला जिना चढायला आवडतो" असं म्हटलं असतं तरी एवढीच दाद मिळाली असती. शेवटी एकीला दया आली. "अरे वा! मग आज सायकलनं आलीस?"

आज मी बसनं आले होते.

नंतर कळलं की यांच्या भाषेत सायकलवाल्यांसाठी दोन वेगळे शब्द आहेत. चापूनचोपून बसणारे कपडे घालून, खाली वाकून, रविवारी सकाळी सुसाट जातो तो 'वीलरेनर'. आणि बाकी सगळी दुनिया, म्हणजे भाजी आणणारी, पोरं शाळेत सोडणारी, बगलेत इस्त्रीचं टेबल धरून चाललेली, ते 'फीत्सर'. यातल्या दुसऱ्या प्रकाराला कुणी छंद म्हणत नाही. मी पुण्यात पहाटे साडेचारला उठून, हेल्मेट आणि पॅडवाली चड्डी चढवून, साडेतेरा तासांच्या आत २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरल्या वेळात संपवायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, पुरी करणारी बाई. पण त्याच पुण्यात कोपऱ्यावरच्या वाण्याकडे जायला मी स्कूटरची किल्ली शोधत असे, हे कबूल करायला हवं. म्हणजे मी वीलरेनर होते. फीत्सर कधी नव्हतेच.

मग एक जुनी काळी सायकल घेतली. 'ओमाफीत्स' म्हणतात तिला, आजीची सायकल. ताठ बसायचं, हँडल आपल्याकडे वळलेलं, मधला दांडा नाही, गिअर नाही. विकणाऱ्यानं सीट पार तळाला नेली तरी माझे जेमतेम अंगठे जमिनीला टेकले. इथल्या आज्यासुद्धा उंच. हँडलवर ब्रेकची दांडी दिसेना म्हणून मी विचारलं, तर तो म्हणाला, ब्रेक पायात आहे. पायडल उलटं दाबलं की मागचं चाक थांबतं.

ऐकायला सोपं वाटतं. पण आपल्या सायकलवर उतार लागला की पाय उगाच उलटे फिरवायचे असतात. ती मागच्या चाकाची टर्र ऐकण्यासाठीच तर सायकल चालवायची. कालव्यावरचा पहिला पूल उतरताना पायांनी तीस वर्षांच्या सवयीनं तेच केलं. सायकल जागच्या जागी थिजली आणि मी पुढे हँडलवर. पुढच्या पेटाऱ्यात दोन मुलं बसवलेली एक तीनचाकी सायकल मागून येत होती. तिच्या चालकानं मला वळसा घातला, एकदा घंटी वाजवली आणि एक शब्द न बोलता तो निघून गेला. पुण्यात निदान चार माणसं जमली असती आणि त्यातल्या एकानं पाणी दिलं असतं.

त्याहून छळवादी गोष्ट सिग्नलची. थांबल्यावर पायडल खाली राहिलं असेल तर उलटं फिरवून वर आणता येत नाही, कारण उलटं म्हणजे ब्रेक. त्यामुळे थांबतानाच उजवा पाय वर येईल असा हिशेब करून थांबायचं. पहिला महिनाभर हिरवा दिवा लागला की मी मागचं चाक उचलून पायडल जागेवर आणत असे आणि पाठीमागे रांग खोळंबून असे. आता जमतं. कसं जमतं ते सांगता येणार नाही.

रस्ता उजवीकडचा, त्याची सवय लवकर झाली. गाड्यांच्या थांबण्याची झाली नाही. सायकलींचा रस्ता तांबड्या डांबराचा असतो आणि तो मोटारींच्या रस्त्याला छेदतो तिथे ज्यानं थांबायचं त्याच्यापुढे जमिनीवर पांढरे त्रिकोण रंगवलेले असतात. त्यांना हे लोक शार्कचे दात म्हणतात. दात मोटारीकडे असले की मोटार थांबते. सुरुवातीला थांबलेली गाडी दिसली की मला वाटे, बंद पडली बहुतेक. मी तिच्या जाण्याची वाट बघायची, ती माझ्या. अशा एका कोपऱ्यावर एका गृहस्थानं अखेर काच खाली करून मला हातानं 'जा बाई' केलं.

इथे चढ नाहीत असं ऐकलं होतं, ते बरंचसं खरं आहे. एका रविवारी आमेरोंगनच्या 'बेर्ख'ला गेले. बेर्ख म्हणजे पर्वत. उंची ६९ मीटर. पर्वतीला टेकडी म्हणणाऱ्या माणसानं तिथे काय बोलावं! पण चढाचा वचपा वारा काढतो. घाटाला निदान माथा असतो, चहाची टपरी असते. समोरच्या वाऱ्याला दोन्ही नाही. एकदा शेतांमधून मान खाली घालून मी झुंजत असताना पांढऱ्या केसांच्या एक बाई ताठ बसून, कॅरियरवरच्या थैलीत फुलकोबी घेऊन, 'खूडमॉर्खन' म्हणत पुढे निघून गेल्या. खंबाटकी घाट चढून कमावलेला माझा सगळा अहंकार त्या फुलकोबीबरोबर गेला. त्यांच्या सायकलला बॅटरी होती हे माझ्या ध्यानात आलं तोवर त्या दिसेनाशा झाल्या होत्या. या वाऱ्याची इथे स्पर्धाही भरते: झीलंडमधल्या समुद्राच्या बांधावर, वादळाचा अंदाज आला की, बिनगिअरच्या ताठ सायकलींवर, वाऱ्याच्या तोंडी साडेआठ किलोमीटर. मी नाव दिलेलं नाही.

हे सगळं पहिल्यापासून असंच होतं, असा माझा समज होता. तसं नव्हतं. इथेही मोटारींनी शहरं व्यापली होती. १९७१ साली या एवढ्याशा देशात रस्त्यांवर तीन हजारांवर माणसं गेली, त्यात शेकडो मुलं. आईबाप रस्त्यावर उतरले. 'मुलांची हत्या थांबवा' हेच त्या चळवळीचं नाव. १९७३ मध्ये तेलाचा तुटवडा झाला आणि काही रविवार मोटारी बंद राहिल्या. उट्रेख्टनं तर जुना कालवा बुजवून त्यावर मोठा मोटाररस्ता केला होता. तो उखडून २०२० मध्ये त्यात पुन्हा पाणी सोडलं. आता तिथून होड्या जातात. हे वाचताना मला १९७२ आठवलं, म्हणजे बाबांच्या तोंडून ऐकलेलं. त्या वर्षी आपल्याकडे लूना ही मोपेड आली. हे लोक मोटारीवरून सायकलकडे वळायला लागले, नेमक्या त्याच सुमारास आपण सायकलचं पायडल थांबवून त्याला इंजिन लावलं.

बाबा खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत. कसबा पेठेतून डेंगळे पुलावरून रोज सायकल. भोंगा झाला की फाटकातून सायकलींचा लोंढा बाहेर पडायचा, ते ऐकवण्याचा त्यांना कधी कंटाळा येत नाही. व्हिडिओ कॉलवर मी त्यांना इथल्या स्टेशनाखालचा सायकलतळ दाखवला. तीन मजली, १२,५०० सायकलींचा, आत सायकल चालवतच शिरायचं, पहिले चोवीस तास फुकट. बाबा थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "आमच्या फॅक्टरीचा स्टँड वाटतोय." रात्री दिवा नसला तर पोलीस दंड करतात म्हटल्यावर तर ते खूशच झाले. "आम्हालाही करायचे!"

गणपतीत मी साडी नेसून सायकलवर आरतीला गेले. चेनला पूर्ण झाकण, मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी जाळी. पदर खोचला की झालं. कॅरियरला मोदकांचा डबा बांधला होता. पुण्यात पॅडवाली चड्डी घातली की चौकातले सगळे वळून बघायचे. इथे नऊवारी नेसून गेले असते तरी कुणी मान वळवली नसती, आणि खरं सांगायचं तर थोडं वाईटच वाटलं.

मे महिन्यात बाबा आले. वय चौऱ्याहत्तर, सायकल सोडून तीस वर्षं झालेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर चहा करत होते आणि खिडकीतून पाहिलं तर ते कुलूप काढून सायकल हातात धरून उभे. घंटी वाजवून पाहिली. टायर अंगठ्यानं दाबून पाहिलं. मग डावा पाय पायडलवर, उजव्यानं जमिनीला दोन-तीन रेटे, आणि मागून अशी झोकात टांग टाकली की बघत राहावं. मधे दांडा नव्हता, टांगेची काही गरज नव्हती. तरी टाकली.

गल्ली पुलाकडे उतरते. मी गॅस तसाच ठेवून गॅलरीत धावले.

"बाबा, ब्रेक पायात आहे! उलटं पायडल मारा, उलटं!"

त्यांनी मागे न बघता हात वर केला. दुसरा हात हँडलवर ब्रेकची दांडी शोधत होता.