शेषावर बसलेला नारायण

पौष शुद्ध अष्टमीला बदामीजवळच्या बनशंकरीदेवीचा उत्सव बसतो, पौर्णिमेला रथ. बेळगावहून चालत निघायचं तर हिशोबात एक दिवस जादा धरावा, पाय कुठे बसवतील सांगता येत नाही. सौंदत्तीला डोंगर चढलो, यल्लम्माची ओटी भरली, भंडारा लावला आणि पुढे लागलो.

फोड आला तो रामदुर्गच्या अलीकडे. डांबरी रस्त्याची कड उतरती असते. दिवसभर एकाच बाजूने चाललं की खालच्या पायावर भार येतो आणि पाऊल चपलेत बाहेर सरकतं, म्हणून करंगळीच्या मुळाशीच पाणी भरतं. मातीची वाट दिसली की डांबर सोडावं. दिंडीतले दोघे ब्लेड काढा म्हणून मागे लागले. कातडं कापायचं नसतं, खालचं मांस उघडं पडतं आणि धूळ आत जाते. हे सांगूनही ऐकेनात, तेव्हा टाळ थांबवायला लावावे इतका वैताग आला.

जोंधळ्याच्या बांधावरून एक अव्वा, कानडी आजीबाई, आली. "कुंद्री," म्हणजे बसा, म्हणाली. घागरीतल्या पाण्याने पाय धुतला, पुसून कोरडा केला. जुन्या लुगड्याची चिंधी पिळून तिची इवलीशी चुंबळ केली आणि फोड मधल्या भोकात येईल अशी बसवून वरून पट्टी बांधली. भार चुंबळीवर, फोड मोकळा. ती त्याला सिंबी म्हणाली. ताक दिलं, भाकरी दिली. पैसे हातातसुद्धा घेतले नाहीत. सैल झाली की सिंबी सरकते आणि फोडावरच दाबते, म्हणून दर मुक्कामाला नवी बांधली.

रथ झाला. खारीक, नारळ, उधो उधो.

बदामीची लेणी तिथून जेमतेम पाच किलोमीटर, पण रथ झाला की लोक एस्टीकडे पळतात. तसं करू नका. पहिल्या लेण्याबाहेर उजव्या हाताला अठरा हातांचा नटराज आहे. हात जोडीजोडीने मोजावेत, नऊ जोड्या भरतात. तिसरं लेणं चालुक्य राजा कीर्तिवर्म्याच्या वेळचं, त्याचा भाऊ मंगलेश याने कोरवलेलं. शक 500, म्हणजे इसवी सन 578, हे तिथल्या शिलालेखातच आहे. लेणी उत्तराभिमुख असल्याने ऊन थेट आत येत नाही, दोन मिनिटं थांबलं की नजर बसते. मग ओसरीच्या डाव्या टोकाला जावं.

शेषशायी म्हणत आलो, विटेवरचा उभा पाहत आलो. इथे नारायण शेषाच्या वेटोळ्यांवर बसलाय आणि फणा डोक्यावर धरलाय. त्याच ओसरीत त्रिविक्रम पाय उंच टाकून उभा आहे, तो आधी पाहावा, म्हणजे हे बसणं डोळ्यांत भरतं. इथे पूजा नाही, हार नाही, नारळ पिशवीबाहेर काढला तर माकडं नेतात. हात जोडले आणि पुन्हा वेटोळी पाहिली. एकावर एक, नीट दाबून बसवलेली. सिंबीच ती.